पाणी कुठं अडलं?

शिडाच्या नौकेतलं छोटं डिझेल इंजिन सुरू झालं की अनुभवी माणूस आधी मीटरकडे बघत नाही. तो नौकेच्या मागच्या टोकाशी जाऊन वाकतो आणि एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते बघतो. चांगल्या प्रकृतीचं इंजिन धुरासोबत पाणी ठेक्यात फेकतं. चूळ भरून टाकावी तसं. एक फेक, क्षणभर थांबणं, पुन्हा फेक. कान तयार झाला की पाहायचीही गरज उरत नाही. पाणी कमी झालं की ओला, जड आवाज जातो आणि पोकळ, कोरडा खडखडाट सुरू होतो. पाठोपाठ पांढरी वाफ दिसते. वाफ आणि धूर यांतला फरक ओळखणं सोपं आहे. वाफ दोन-चार हातांवर हवेत विरते, तर न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर पाण्यावर रेंगाळतो आणि त्याला वास असतो.

या आवाजाला इतकं महत्त्व देण्याचं कारण असं की तापमानाचा काटा फार उशिरा बोलतो. तो मोजतो इंजिनाच्या आत फिरणाऱ्या पाण्याचं तापमान. समुद्राचं पाणी आत्ता, या क्षणी बंद झालं तरी आतलं पाणी तापायला काही मिनिटं लागतात. एक्झॉस्टला मात्र तेवढीही सवड मिळत नाही. कोरड्या एक्झॉस्टचं तापमान काही शे अंशांवर जातं आणि त्यापुढची नळी असते रबराची. काटा हलण्याआधी ती भाजलेली असू शकते. याहून फसवी गोष्ट म्हणजे आतलं कूलंटच गळून गेलं असेल तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत लटकतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतो. इंजिन करपत असताना काटा शांत. म्हणून एक्झॉस्टच्या नळीवर बसणारा तापमानाचा वेगळा अलार्म ही चैन नव्हे. इंजिनाजवळ सगळ्यात आधी बसवायच्या वस्तूंपैकी ती एक आहे.

बहुतेक नौकांत दोन पाणी असतात. आतलं गोडं, म्हणजे कूलंट मिसळलेलं, इंजिनाच्या पोटात फिरत राहतं. बाहेरचं खारं सीकॉकमधून, म्हणजे नौकेच्या तळातल्या उघड-बंद होणाऱ्या व्हॉल्व्हमधून, आत येतं, गाळणीतून पंपात जातं, तिथून गिअरबॉक्सचा कूलर असेल तर त्यातून, मग हीट एक्स्चेंजरमधून, जिथं ते गोड्या पाण्याची उष्णता घेतं, आणि शेवटी मिक्सिंग एल्बोपाशी, एक्झॉस्टच्या वाकड्या तुकड्यात, धुरात मिसळून बाहेर पडतं. बिघाड शोधायचा तो याच क्रमानं, पाण्याच्या मागोमाग. प्रत्यक्षात घडतं ते वेगळंच. पाणी कमी झालं की लोक थेट पंप उघडतात, इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी पाकळ्यांचं चाक, बदलतात, पाणी आलं की झाकण लावून मोकळे होतात. इम्पेलर हा पुष्कळदा बळी असतो, गुन्हेगार नसतो. तो कशामुळे मेला हे कळलं नाही तर नवाही त्याच वाटेनं जातो.

समुद्रात असताना आवाज बदलला तर पहिलं काम इंजिन उघडण्याचं नाही. आधी नौका सुरक्षित करायची: शीड चढवता येत असेल तर चढवा, उथळ पाणी असेल तर नांगर टाका, मग इंजिन बंद करा. इंजिन मंद ठेवण्याचा मोह होतो, पण पाणी मुळीच पडत नसेल तर मंद गतीही एक्झॉस्ट भाजायला पुरेशी असते. गरम इंजिनाच्या कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. ते दाबाखाली असतं आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या लोखंडावर गार पाणीही ओतू नका. सिलिंडर हेडला तडा जायला तेवढं पुरतं. ते निवेपर्यंत खाऱ्या पाण्याची बाजू तपासता येते, कारण ती गार असते.

सुरुवात सीकॉकपासून. दांडा नळीच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद; हे एकदा हातानं चाचपून बघा, नुसतं आठवणीवर सोडू नका. मग सीकॉक बंद करून गाळणी उघडा. जाळीत शेवाळ, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जेलीफिशचा लगदा सापडला तर प्रश्न तिथंच सुटू शकतो. पण जाळी स्वच्छ निघाली म्हणजे वाट मोकळी आहे, असं मात्र नाही. अडथळा गाळणीच्याही आधी, थेट नौकेच्या तळाशी असू शकतो. त्याची परीक्षा अशी: सीकॉकवरून येणारी नळी गाळणीपाशी सोडवा, तिचं तोंड पाण्याच्या पातळीखाली धरा, हाताशी लाकडी गुडदी ठेवा आणि सीकॉक क्षणभर उघडा. पाणी जोरात उसळलं पाहिजे. झिरपत, रडतखडत आलं तर अडथळा बाहेर आहे. तळाशी पाणी आत येण्याच्या तोंडाला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी इंजिन थांबताच ओढ संपून आपोआप गळून पडते. मग सगळं ठीक वाटतं आणि पुन्हा इंजिन चालवलं की तीच पिशवी परत चिकटते. हा लपंडाव फार दमवतो. अशा वेळी नळीला फुगवायच्या छोट्या होडीचा हवापंप लावून उलटी हवा मारा. बॉल व्हॉल्व्ह सरळ असेल तर ताठ तारही आरपार जाते. बार्नेकल, म्हणजे तळाला चिकटणारे कवचवाले जीव, मात्र हवेनं हलत नाहीत, ते खरवडावेच लागतात. सेलड्राइव्ह, म्हणजे तळातून सरळ खाली उतरणारा प्रोपेलरचा पाय, असेल तर पाणी त्या पायाच्या बारीक छिद्रांतून येतं आणि ती छिद्रं बुजायला एक मोसमही लागत नाही. नौका वर काढली की तिथल्या रंगाकडे आणि छिद्रांकडे हटकून बघा.

आता हवेबद्दल. बिघाडाच्या या प्रकाराला लोक सगळ्यात कमी वेळ देतात, म्हणून इथं जरा थांबतो. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब वातावरणापेक्षा कमी असतो. त्यामुळे तिथं फट असेल तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. डोळ्यांना ओल दिसत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. सगळ्यात मोठा संशयित म्हणजे गाळणीचं झाकण. त्याची ओ-रिंग सुकलेली असते, घडी पडलेली असते किंवा तिच्याखाली वाळूचा एक कण असतो. गाळणी साफ केल्यानंतर लगेच पाणी कमी झालं असेल तर दुसरं काही शोधण्याआधी झाकण पुन्हा बसवा. गाळणीचं भांडं पारदर्शक असेल तर इंजिन चालू असताना त्यात बॅटरी मारून बघा. बुडबुड्यांची माळ दिसली तर चोर सापडला. त्यानंतर क्लॅम्प. पाण्याच्या पातळीखाली नळीच्या प्रत्येक टोकाला जागा असेल तर दोन हवेत. आणि ते नुसते असून भागत नाही, घट्ट हवेत.

नौका कलल्यावरच पाणी तुटत असेल तर मामला वेगळा. काही नौकांत एका बाजूच्या वाऱ्यावर सीकॉकचं तोंड पाण्याबाहेर येतं, नळीत हवा भरते आणि सरळ झाल्यावरही पंपाला पुन्हा पाणी ओढायला वेळ लागतो. अशा वेळी इम्पेलर बदलून काही साधत नाही. इंजिन चालवायचं असेल तेव्हा शीड कमी करून नौका सरळ ठेवायची, एवढाच उपाय.

ओढीच्या नळीचा एक आजार बाहेरून दिसतच नाही. जुन्या नळीचा आतला थर सुटतो आणि इंजिनाची गती वाढली की त्या ओढीनं आत मिटतो, झडप बसावी तसा. मंद गतीत पाणी ठीक, गती वाढवली की तुटतं. बाहेरून नळी धडधाकट दिसते. म्हणून या जागी तारेचं वेटोळं असलेली, ओढ सोसणारी नळीच हवी. बागेची किंवा साध्या रबराची नळी चालणार नाही.

आता पंप. आत एक रबरी इम्पेलर, त्याला सहसा सहा ते बारा पाकळ्या. पंपाच्या घरात एका बाजूला उंचवटा असतो. तिथून जाताना पाकळ्या दुमडतात, पुढं गेल्यावर उलगडतात आणि उलगडताना पाणी ओढतात. रबर धातूवर घासत असतं आणि मध्ये वंगण असतं ते फक्त पाण्याचंच. पाणी नसेल तर घर्षणाच्या उष्णतेनं पाकळ्या बुडाशी तडकतात. त्याला फार वेळ लागत नाही; कधी मिनिटभरही पुरतं.

झाकण उघडण्याआधी सीकॉक बंद करा आणि खाली फडकं अंथरा, कारण ते बारीक पितळी स्क्रू बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाच्या खोलगटात, पडले की परत येत नाहीत. काही इंजिनांत झाकण अशा बाजूला असतं की हात पोचत नाही. तिथं अख्खा पंप सोडवून वर आणणं जास्त सोपं जातं. इम्पेलर दोन स्क्रूड्रायव्हरनी उचकटला तर घराच्या कडेला ओरखडे पडतात आणि पुढे तिथून हवा शिरते. इम्पेलर सरळ ओढून काढणारा छोटा पुलर पेटीत असावा. काढलेल्या इम्पेलरची पाकळी बोटानं वाकवून बुडाशी बघा. केसाइतकी भेगही दिसली तर तो गेला.

सगळ्या पाकळ्या शाबूत असतानाही इम्पेलर निकामी असू शकतो. रबर मधल्या धातूच्या बुशला चिकटवलेलं असतं. ती चिकट सुटली की दांडा आणि बुश फिरतात, रबर जागच्या जागी राहतं. काढून पाहिलं तर नव्यासारखा दिसतो आणि माणूस तोच परत बसवतो. बुश हातात घट्ट धरून पाकळ्यांना पीळ द्या. सरकलं तर फेकून द्या. नवा बसवताना ग्लिसरीन किंवा भांड्यांचा साबण लावा, पेट्रोलियमचं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. पाकळ्या फिरण्याच्या उलट दिशेला वाकलेल्या असाव्यात. चुकून उलटा बसला तर बहुधा पहिल्या फेऱ्यांत तो स्वतःच वळतो, पण रबराला तो पीळ देण्याची गरज काय?

झाकणाच्या आतल्या बाजूवर नख फिरवा. गोल चर लागला तर पाणी त्या चरातून मागे सरकतं आणि मंद गतीत ओढ कमी पडते. अडचणीच्या वेळी बाहेरची बाजू सपाट असेल तर झाकण उलटं करून वापरता येतं. गॅस्केट मूळ जाडीचंच हवं. हाताला लागला म्हणून जाड कागद कापून घातला की इम्पेलर आणि झाकण यांत फट राहते आणि पंप कोरड्या नळीतून पाणी ओढूच शकत नाही. पंपाच्या गळ्याशी खालच्या बाजूला एक छोटं छिद्र असतं. तिथून पाणी ठिबकत असेल तर आतलं सील गेलेलं आहे. ते छिद्र बुजवण्याचा विचारही करू नका. ते असतं म्हणूनच खारं पाणी इंजिनाच्या तेलात न जाता बाहेर पडतं.

आणि तुटलेल्या पाकळ्या. हा या सगळ्या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. सहा पाकळ्यांपैकी दोन तुटल्या असतील तर त्या दोन कुठंतरी आहेत. त्या पुढेच गेलेल्या असतात, कारण पाणी पुढे जातं. तुकडे फडक्यावर मांडा, जुन्या इम्पेलरशी जुळवा आणि हिशेब पुरा होईपर्यंत शोधा. आधी पंपाच्या बाहेर पडणाऱ्या नळीचा पहिला वळसा, मग गिअरबॉक्सचा कूलर असेल तर त्याचं तोंड, मग हीट एक्स्चेंजरची पाणी येण्याची बाजू. मागच्या वर्षीचे, त्याआधीचेही तुकडे तिथं सापडतात आणि तेव्हा कळतं की इंजिन दोन मोसम थोडं जास्तच का तापत होतं.

हीट एक्स्चेंजरची टोपणं काढली की नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा जुडगा दिसतो. पलीकडून बॅटरी धरा; प्रत्येक नळीतून उजेड यायला हवा. बाकीचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी झिंकची कांडी निम्मी झिजली की बदलायची. तिकडे दुर्लक्ष झालं तर तिचे तुकडे पडून हेच तोंड बुजवतात. मऊ घाण लाकडी किंवा पितळी सळीनं हळूच निघते. क्षार बसले असतील तर जुडगा बाहेर काढून, रबरी रिंगा काढून, सौम्य आम्लात बुडवा. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही, आणि ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात जाऊ द्यायचा नाही. बुडबुडे थांबले की काम झालं. भरपूर गोड्या पाण्यानं धुवा. व्हिनेगरनंही होतं, फक्त वेळ जास्त लागतो. परत बसवताना रिंगा नव्याच घाला.

पुढे अँटी-सायफन व्हॉल्व्ह. एल्बोत पाणी शिरण्याची जागा समुद्राच्या पातळीखाली किंवा तिच्या जवळपास असेल तर नळीला वरपर्यंत नेऊन कमान देतात आणि कमानीच्या माथ्यावर हा व्हॉल्व्ह बसवतात. इंजिन बंद झालं की तो हवा आत घेऊन पाण्याचा ओढा तोडतो. मिठानं तो बंद अवस्थेत अडकला तर समुद्र हळूहळू सायफननं एक्झॉस्टमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये येतो. उघडा अडकला तर इंजिनावर, बहुतेकदा नेमक्या अल्टरनेटरवर, खारे फवारे उडतात. मोसमात दोनदा तरी काढून कोमट गोड्या पाण्यात धुवा आणि तोंडानं फुंकून बघा: बाहेरून आत हवा गेली पाहिजे, आतून बाहेर येता कामा नये.

मिक्सिंग एल्बो हा शेवटचा आणि सगळ्यात निबर अडथळा. गरम काजळी आणि खारं पाणी भेटतात तिथं दगडासारखा थर जमतो. बोटभर वाट उरेपर्यंत इंजिन चालत राहतं, कुरकुरत. पाणी कमी, काळा धूर, पूर्ण गती गाठता न येणं, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर इम्पेलरला हात लावण्याआधी एल्बो काढा. धुराची वाट आणि पाणी शिरण्याचं छिद्र वेगवेगळं तपासा. पहिली मोकळी असून दुसरं बुजलेलं असू शकतं. टोचताना धातूच ढासळला तर साफसफाई पुरे, एल्बो नवा घ्या. आतली भिंत फुटली की पाणी इंजिनाकडे उलटं जातं आणि तो खर्च एल्बोच्या कितीतरी पट असतो.

हे सगळं अंदाजानं करण्यापेक्षा बादलीनं मोजावं. मागच्या टोकाला एक्झॉस्टखाली १० लिटरची बादली धरा आणि ती भरायला लागणारे सेकंद मोजा, एकदा इंजिनाच्या मिनिटाला १,००० फेऱ्यांना, एकदा २,००० ला. हा पंप दर फेरीला ठरावीक पाणी ढकलतो, म्हणून फेऱ्या दुप्पट झाल्या की पाणीही जवळपास दुप्पट व्हायला हवं. मंद गतीत भरपूर पण गती वाढवल्यावर तेवढंच राहत असेल तर वाट कुठंतरी अरुंद आहे: तोंड, गाळणी, मिटणारी नळी किंवा एल्बो. मंद गतीतच कमी पण गतीबरोबर वाढत असेल तर पंपाची झीज किंवा हवा. एल्बोच्या अलीकडे मोजायचं म्हणून नळी सोडवून बादलीत घेतली तर १०-१५ सेकंदांत इंजिन बंद करा, कारण तेवढा वेळ एक्झॉस्ट कोरडा चालत असतो.

किती पाणी पुरेसं? गणित साधं आहे. इंजिन खाऱ्या पाण्यात २० किलोवॉट उष्णता टाकत असेल आणि मिनिटाला २० लिटर पाणी वाहत असेल तर ते पाणी सुमारे १४ अंशांनी तापून बाहेर पडतं. प्रवाह निम्मा झाला तर २८ अंशांनी. अमुकच आकडा बरोबर असं नाही. नौका निरोगी असतानाचा तुमचा स्वतःचा आकडा वहीत असला पाहिजे. तो नसेल तर बिघाडाच्या दिवशी तुलना कशाशी करणार?

पाणी भरपूर पडतंय आणि तरीही इंजिन तापतंय, असं असेल तर आतलं पाणी बघा. टाकीतली पातळी, झाकणाची स्प्रिंग, फिरवणाऱ्या पंपाचा पट्टा. अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा साधारण १० मिलिमीटर दबावा. आजूबाजूला काळी भुकटी दिसली तर तो घसरतोय. कूलंट बदलल्यावर तापायला लागलं असेल तर आत हवा अडकली आहे, विशेषतः गरम पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या नळ्यांत. टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, तपासायला पातेल्यात पाणी तापवा, त्यात तो दोऱ्यानं टांगा, शेजारी तापमापक, आणि तो किती अंशांना उघडतो ते बघा.

थेट खाऱ्या पाण्यानं गार होणाऱ्या जुन्या इंजिनांत इथंच गफलत होते. यान्मारच्या खाऱ्या पाण्यावरच्या जीएम मालिकेचा थर्मोस्टॅट ४२ अंशांना उघडू लागतो आणि ५२ ला पूर्ण उघडतो. त्याच मालिकेतल्या गोड्या पाण्याच्या इंजिनांत तो ७१ ला उघडतो. खाऱ्याचं तापमान मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण ६० अंशांच्या आसपास आणि वर समुद्राच्या पाण्यातले क्षार धातूवर भराभर बसतात. चुकीचा थर्मोस्टॅट घातला तर इंजिन आतून चुन्यानं भरतं. शिवाय अशा इंजिनात थर्मोस्टॅट बंद अडकला तर पाणी आडवाटेनं थेट एक्झॉस्टला जातं. मागे धार झकास, आत इंजिन तापलेलं. धार बघून माणूस निर्धास्त होतो, ते या एका जागी चुकतं.

एक इशारा सुरू न होणाऱ्या इंजिनाबद्दल. स्टार्टर फिरवत राहिलं की पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. ते वॉटरलॉकमध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेवरच्या पाणी साठवणाऱ्या डब्यात, साठतं आणि भरलं की मागे सिलिंडरमध्ये येतं. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही तर सीकॉक बंद करा, वॉटरलॉकचा निचरा करा, मग पुढचे प्रयत्न, आणि इंजिन लागताक्षणी सीकॉक उघडा. पुढे तोंड केलेला पाण्याचा स्कूप असेल तर ओढून नेताना किंवा शिडावर वेगात असतानाही हेच घडू शकतं. वेगाचा दाब थांबलेल्या पंपातून पाणी पुढे सरकवतो. अशा नौकेत इंजिन बंद असताना सीकॉकही बंद ठेवलेला बरा. विसरायला होऊ नये म्हणून इंजिनाची किल्ली सीकॉकच्या दांड्यालाच अडकवून ठेवायची. मग ती घ्यायला गेलं की हात आपसूक दांड्यावर पडतो.

सगळं बसवून झालं की गाळणी काठोकाठ भरून झाकण लावा, मग सीकॉक उघडा, म्हणजे नव्या इम्पेलरला पहिल्या फेरीलाच पाणी मिळेल. इंजिन सुरू करा. अर्ध्या मिनिटात मागे पाणी पडलं नाही तर बंद करा. पडलं तर दहा मिनिटं चालू द्या, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून ओल बघा, एल्बोजवळच्या रबरी नळीवर हात ठेवा. ती कोमट असावी, हात सहज टेकवता यावा. मग बादली घ्या, सेकंद मोजा आणि तारखेसह वहीत लिहा.